उघडू नये

व्हर्लिन गेला त्या मार्चमध्ये
गॅरेजातून एकशे बारा खोकी निघाली.
प्रत्येकावर त्याचं अक्षर, जाड काळ्या पेनातलं:
'कोरिनचं कॉलेज. उघडू नये.'
कोरिन आता सेहेचाळीसची आहे.
कॉलेज तिनं कर्ज काढून केलं,
फेडलंही.

सॅगिनॉच्या बीट-साखरेच्या कारखान्यात
ऑक्टोबर ते फेब्रुवारी ओव्हरटाइम.
त्या पैशात बाकीच्यांच्या घरी डिशवॉशर आले,
आमच्याकडे बेसबॉलचे खेळाडू आले,
पुठ्ठ्याचे, मेणकागदात गुंडाळलेले,
सोबत एकेक गुलाबी च्युइंगगम,
कौलाच्या तुकड्यासारखं कडक.

तो म्हणायचा, मार्लिस,
आईनं माझी बुटाच्या खोक्यातली कार्डं फेकली नसती
तर आज आपण फ्लॉरिडात असतो.
नेमकी त्याच वर्षी
देशातल्या प्रत्येक व्हर्लिनला
आपापली आई आठवली होती.
कोणीच काही फेकलं नाही.
छापखान्याला हे ठाऊक असावं.
तो रात्रपाळीतही चालू राहिला.

ओझी ट्रॉम्बलीनं दुकानात एक खोकं हातावर तोललं,
बटाट्याचं पोतं तोलावं तसं.
ह्या सालातली पैशाला पासरी, बाई.
शेकोटीला चालतील, पण मेणाचा धूर होतो.
मग ओशाळला,
आणि मला कॉफी पाजली.

कोल्बी, माझा नातू, हसतो.
आजी, आता तसं नसतं. आता मोजून छापतात.
नव्वद डॉलरच्या डबीतून चार कार्डं काढून
त्यानं माझ्यासमोर मांडली, हातमोजे घालून.
एकच पोरगा, एकच फटका,
डाव्या बुटाला तोच चिखल.
निळ्या चौकटीत नव्व्याण्णव,
हिरव्यात पन्नास, नारिंगीत पंचवीस,
आणि हे बघ, सोनेरी. एकमेव. जगात एकच.
मी विचारलं, लाल नसतं का?
असतं ना. तेही एकमेव. लालमध्ये.
आणि तडे गेल्यासारख्या काचेचं?
तेही.
मग एकमेव एकूण किती?
तो फोनवर मोजायला लागला.
जेवण गार झालं तरी मोजतच होता.

झोप येत नाही तेव्हा मी खोकी उघडते.
उघडू नये लिहिलेलं असतं, तरी.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर गठ्ठे लावते.
त्यातच मला तो सापडला,
गेलॉर्ड स्टॅनेक, राखीव कॅचर, दोन हंगाम,
तीनशे त्रेचाळीस वेळा.
मास्क कपाळावर सरकवलेला, डोळे बारीक केलेले.
एकाच्या हनुवटीला च्युइंगगम चिकटून
पांढरा डाग पडलेला.

आडनाव ओळखीचं वाटलं.
फ्रिजवर गॅसवाल्याचं बिल होतं: जी. स्टॅनेक.
नऊ वर्षं हाच माणूस दर नोव्हेंबरला
मागच्या टाकीत गॅस भरून जातो,
दाढी पिकलेली, गुडघे कुरकुरणारे,
आणि मी त्याला हवेपाण्यापलीकडे
काहीही विचारलेलं नव्हतं.

ह्या खेपेला गठ्ठा घेऊन बाहेर गेले.
त्यानं मोजे काढले. पाइप गुरगुरत होता.
एकेक कार्ड मागे टाकत
तो बराच वेळ बघत राहिला,
जणू पुढच्या एखाद्यात तरी
चेहरा वेगळा निघेल.

त्या दिवशी डोळ्यांवर ऊन होतं, तो म्हणाला.
फोटोवाल्याला म्हटलं, परत काढ.
तो म्हणाला, कोण बघतंय.

सगळी ने, मी म्हटलं.
त्यानं च्युइंगगमच्या डागाचं तेवढं घेतलं,
खिशात घातलं, खिशाचं बटण लावलं.
मीटर एकशे ऐंशी गॅलनवर थांबला.
मी चेक लिहिला. प्रथमच पूर्ण नाव विचारून.

तीनशे बेचाळीस परत खोक्यात ठेवली.
ओझीला फोन करायचाय, करायचाय म्हणते.
गॅरेजात जागा नाही.
गाडी अजून बाहेरच, बर्फात असते.